घारे डोळे आणि आनुवंशिकतेचा धडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले. म्हणून त्यांच्या वर्गात शोभेल असाच विषय मी निवडला आहे : माणसाच्या डोळ्यांचा रंग. पैनगंगेच्या अलीकडच्या ह्या आदिलाबादेत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. बहुतेकांचे डोळे काळेभोर वा तपकिरी. मधूनच एखादे घारे मूल जन्मास येते आणि ‘हे गेले तरी कोणावर?’ अशी कुजबुज सुरू होते. ती कधी कौतुकाची असते, कधी त्याच्या आईला रडवणारी.

प्रथम हा रंग येतो कोठून, ते पाहू. बाहुलीभोवतीच्या बुबुळाचा मागचा थर जवळजवळ सर्व माणसांत गडदच असतो. फरक पडतो तो पुढच्या थरातील मेलॅनिन ह्या रंगद्रव्याच्या प्रमाणामुळे. ते भरपूर असेल तर डोळे काळेभोर दिसतात, कमी असेल तर घारे, आणि अगदीच थोडे असेल तर निळे. निळे रंगद्रव्य माणसाच्या बुबुळात नसतेच. आकाशाप्रमाणे तेथेही प्रकाशाच्या विखुरण्यामुळे निळाईचा भास होतो. काळ्या आणि घाऱ्या डोळ्यांत भेद आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे.

महाराष्ट्रात घाऱ्या डोळ्यांचा विषय निघाला की कोकणस्थांचे नाव हटकून येते. त्यांच्यात असे डोळे तुलनेने अधिक दिसतात, हे खरे. समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव करून ही ज्ञाती निर्माण केली, अशी दंतकथा आहे. तिच्यावर आणि डोळ्यांच्या रंगावर भिस्त ठेवून कोणी त्यांना इराणातून, तर कोणी युरोपातून आलेले ठरविले. परंतु घारे डोळे काश्मिरात आहेत, हिमालयाच्या दऱ्यांत आहेत, अफगाणिस्तानात आहेत. स्पेनमधील ला ब्रान्या येथे सापडलेल्या सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जनुकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची त्वचा सावळी आणि डोळे फिके असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्वचेचा आणि डोळ्यांचा रंग हातात हात घालूनच येतात असे नाही. मग एकट्या डोळ्यांवरून पूर्वजांचा गाव कसा ओळखणार?

१९०७ मध्ये अमेरिकेत डेव्हनपोर्ट दांपत्याने मेंडेलचा नियम डोळ्यांना लावला. तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, असा तो सुटसुटीत तक्ता पुढे शाळाशाळांतून शिकविला गेला. त्यात सत्याचा अंश आहे. काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारे मूल होऊ शकते, कारण फिक्या रंगाचा अंश दोघांकडेही सुप्त असू शकतो. परंतु तक्ता अपुरा आहे. २००८ मध्ये असे दिसून आले की, पंधराव्या गुणसूत्रावरील एचईआरसी२ ह्या जनुकातील एका अक्षराचा बदल शेजारच्या ओसीए२ जनुकाचे काम मंदावतो आणि मेलॅनिन घटते. २०२१ मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगाशी निगडित असे जनुकसंचातील ६१ भाग पुढे आले. निळ्या डोळ्यांच्या दांपत्याला तपकिरी डोळ्यांचे मूल क्वचित होते, तेही ह्यामुळेच. तेव्हा डोळ्यांच्या रंगावरून कोणाचे पितृत्व वा कोणा मातेचे शील जोखणे हे विज्ञानाला सोडून आहे, आणि माणुसकीलाही.

अशा अज्ञानाची परिसीमा जगाने पाहिली आहे. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत आपल्या इरावतीबाई कर्वे यांनी मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. त्या असममितीचा वंशाशी संबंध त्यांना आढळला नाही, आणि तसे त्यांनी लिहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ऑश्वित्झच्या छावणीत मरण पावलेल्या कैद्यांचे डोळे रंगाच्या अभ्यासासाठी त्याच संस्थेत पाठविले गेले. मोजपट्टी तीच असते; ती हाती धरणाऱ्याचा विवेक सुटला की शास्त्राचे शस्त्र होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. एका अक्षराच्या बदलाने डोळे घारे झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात असाच एका अक्षराचा बदल झाला की सिकलसेलचा आजार संभवतो. गोंड, कोलाम, परधान ह्या आपल्या शेजाऱ्यांत, आणि इतर समाजांतही, तो आढळतो. ह्या जनुकाच्या वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या रानावनांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. येथे मात्र मेंडेलचा तक्ता तंतोतंत लागू पडतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. एकाच बाजूने दोष आला तर हा आजार होत नाही. मग एकट्या सुनेला बोल लावण्यात कोणता न्याय? वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे रक्ततपासणीवाचून हे कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. विवाहापूर्वी पत्रिका पाहणाऱ्यांनी ही एक साधी तपासणीही करून घ्यावी.

विद्यार्थिमित्रहो, डोळ्यांचा रंग आपण कमावलेला नसतो. त्याचा अभिमान नको आणि लाजही नको. मात्र आनुवंशिकतेचे ज्ञान कमवावे लागते. ते घरोघरी नेऊन एखाद्या आईवरचा संशय तुम्ही दूर केलात, एखाद्या दांपत्याला वेळीच तपासणीस नेलेत, तर गुरुजींचे खरे स्मरण झाले, असे मी समजेन.