बंगळूरचा पाहुणा : मॅक्स बोर्न

राजाचा मान त्याच्या राज्यापुरता, विद्वानाचा मात्र सर्वत्र, अशी आपली जुनी समजूत आहे. विसाव्या शतकाने ह्या समजुतीची कठोर परीक्षा घेतली. ज्यांच्या विद्येने पदार्थविज्ञानाचा पायाच बदलून टाकला, अशा कित्येक थोर पुरुषांना ह्या शतकात देशोदेशी आसरा शोधीत हिंडावे लागले. त्यांपैकी एक, मॅक्स बोर्न, १९३५ साली बंगळूरला आले आणि सुमारे सहा महिने तेथे राहिले. तो मुक्काम कायमचा व्हावा अशी सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांची इच्छा होती. ती इच्छा सफल का झाली नाही, ही कथा जितकी एका शास्त्रज्ञाची तितकीच एका संस्थेचीही आहे.

बोर्न ह्यांचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी ब्रेस्लाउ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे नगर तेव्हा जर्मनीत होते; आज ते व्रोत्सवाफ ह्या नावाने पोलंडमध्ये आहे. वडील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. बोर्न ह्यांची ओढ मात्र गणिताकडे होती. १९२१ साली गटिंगेन विद्यापीठात सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि पुढील बारा वर्षांत ते गाव तरुण शास्त्रज्ञांची जणू पंढरी बनले. पाउली आणि हायझेनबर्ग हे तेथे त्यांचे साहाय्यक होते. अमेरिकेचे ओपेनहायमर तेथेच डॉक्टर झाले. रशियातूनही विद्यार्थी येत. व्लादिमीर फॉक ह्यांच्याबरोबर बोर्न ह्यांनी १९२८ साली एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. मॉस्कोचे यूरी रूमर हे १९२९ ते १९३२ ह्या काळात त्यांच्या हाताखाली काम करीत होते.

बोर्न ह्यांचे स्वतःचे कार्य कोणते? १९२५ साली हायझेनबर्ग ह्यांनी अणूच्या वर्तनाविषयी एक विलक्षण गणित मांडले. त्यात दोन राशींच्या गुणाकाराचा क्रम उलटला की उत्तरही बदलत असे. हे गणित म्हणजे विद्यार्थिदशेत शिकलेली सारणींची बीजगणितपद्धतीच होय, हे बोर्न ह्यांनी ओळखले आणि पास्कुआल योर्डान ह्यांच्या साहाय्याने त्या विस्कळीत कल्पनांना सुसंगत शास्त्राचे रूप दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी मोठे पाऊल टाकले. श्रोडिंजर ह्यांच्या समीकरणातील तरंग म्हणजे नेमके काय, हा तेव्हा सर्वांना पडलेला प्रश्न होता. बोर्न ह्यांनी उत्तर दिले की, हा तरंग पाण्यावरच्या लाटेसारखा पदार्थाचा नव्हे, तो संभाव्यतेचा आहे. कण अमुक ठिकाणी सापडेलच असे निसर्ग सांगत नाही; तो तेथे सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगतो. बोर्न ह्यांचे जिवलग मित्र आइन्स्टाइन ह्यांना हा विचार अखेरपर्यंत पटला नाही. तरीही दोघांची मैत्री आणि पत्रव्यवहार कधी तुटला नाही.

एप्रिल १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू वंशाच्या सरकारी सेवकांना दूर करणारा कायदा केला आणि बोर्न पदच्युत झाले. वयाच्या पन्नाशीत संसार गुंडाळून त्यांनी केंब्रिज गाठले. तेथे मान होता, परंतु नेमणूक तात्पुरती होती. ती संपल्यावर पुढे काय, ही विवंचना मनात असतानाच रामन ह्यांचे निमंत्रण आले.

मुंबईच्या जमशेटजी टाटा ह्यांच्या उदार देणगीतून आणि म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने १९०९ साली बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिली. १९३३ साली रामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. युरोपातून हाकलले जाणारे विद्वान ही भारताला चालून आलेली संधी आहे, हे त्यांनी अचूक हेरले. प्रयोगाची परंपरा त्यांनी स्वतः घडविली होतीच; तिच्या जोडीला सैद्धान्तिक विचाराचे पीठ हवे होते, आणि त्यासाठी बोर्न ह्यांच्याहून योग्य माणूस सापडणे कठीण होते.

बोर्न आणि त्यांच्या पत्नी हेडी बंगळुरात आल्या आल्या काम सुरू झाले. रामन ह्यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या इंडियन अकॅडेमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात बोर्न ह्यांचे ‘गूढ संख्या १३७’ ह्या विषयावरील व्याख्यान १९३५ साली प्रसिद्ध झाले. विद्युद्भार, प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक ह्यांच्या मेळातून ही संख्या निघते. ती सुमारे १३७ च का, ह्याचे समाधानकारक उत्तर आजही कोणाजवळ नाही. नागेंद्रनाथ ह्या तरुण शास्त्रज्ञाबरोबरही बोर्न ह्यांनी प्रकाशाच्या स्वरूपाविषयी संशोधन प्रसिद्ध केले. ह्याच नागेंद्रनाथांनी त्या काळात रामन ह्यांच्या जोडीने ध्वनितरंगांमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते, ह्याचा विख्यात सिद्धान्त मांडला. गुरू आणि शिष्य दोन्ही हाताशी होते. कमतरता होती ती फक्त एका कायम पदाची.

रामन ह्यांनी तो प्रस्ताव प्राध्यापकांच्या सभेपुढे ठेवला आणि बोर्न ह्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु संस्थेतील वातावरण निकोप नव्हते. संस्थेचा पैसा पदार्थविज्ञानाकडेच ओढला जातो, अशी इतर शाखांची तक्रार होती. रामन ह्यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. सभेत विद्युत-अभियांत्रिकीचे एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि ज्याला स्वतःच्या देशातून घालवून दिले आहे असा दुय्यम प्रतीचा परदेशी माणूस आपल्या संस्थेला नको, अशा आशयाचे बोलले. हे सारे खुद्द बोर्न ह्यांच्या समक्ष घडले. घरी येऊन पत्नीजवळ आपण अक्षरशः रडलो, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

वास्तविक तो घाव रामन ह्यांच्यावर होता. लागला मात्र पाहुण्याला. रामन ह्यांच्या कारभाराची चौकशी करणारी समिती १९३६ साली नेमली गेली आणि १९३७ साली त्यांनी संचालकपद सोडले. प्राध्यापक म्हणून ते पुढे १९४८ पर्यंत संस्थेत राहिले.

१९३६ च्या वसंतात बोर्न रिकाम्या हाताने इंग्लंडला परतले. त्याच सुमारास मॉस्कोहून प्योत्र कापित्सा ह्यांनी त्यांना बोलावणे पाठविले. बोर्न ह्यांनी ते इतके मनावर घेतले की घरात रशियन भाषेचे धडे सुरू झाले. तेवढ्यात एडिंबरो विद्यापीठातील पद रिकामे झाले आणि मॉस्कोचा बेत बारगळला. हा योगायोग किती मोलाचा होता, हे दोनच वर्षांत दिसून आले. २८ एप्रिल १९३८ रोजी मॉस्कोत लेव लांडाउ आणि बोर्न ह्यांचे जुने साहाय्यक रूमर ह्यांना अटक झाली. कापित्सांच्या रदबदलीमुळे लांडाउ वर्षभराने सुटले. रूमर ह्यांच्या वाट्याला मात्र दहा वर्षांची कैद आणि त्यानंतर सैबेरियातील हद्दपारी आली. अशा शहरात एका निर्वासित जर्मन प्राध्यापकाचे काय झाले असते, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

बंगळूरमध्ये पुढे काय झाले? सैद्धान्तिक विचाराचे जे बी १९३६ साली रुजू शकले नाही, ते तीनच वर्षांनी दुसऱ्या हाताने पेरले गेले. सुटीसाठी भारतात आलेले होमी भाभा १९३९ च्या महायुद्धामुळे परत जाऊ शकले नाहीत आणि रामन ह्यांच्या विभागात रुजू झाले. विश्वकिरणांच्या वर्षावाचा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त १९३७ साली वाल्टर हाइटलर ह्यांच्या जोडीने सिद्ध झाला होता, आणि हे हाइटलर गटिंगेनला बोर्न ह्यांचेच साहाय्यक होते! भाभांजवळ हरीश-चंद्र ह्यांच्यासारखा प्रतिभावान तरुण आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ साली बंगळुरातच झाला. त्याच वर्षी ती मुंबईस, पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात हलली.

बोर्न ह्यांचे भाचे ओटो क्योनिग्सबर्गर हे वास्तुविशारद होते. तेही जर्मनीतून परागंदा झालेले. १९३९ साली ते म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले आणि ज्या संस्थेने मामाला जागा नाकारली, त्याच संस्थेच्या आवारात त्यांनी इमारती उभारल्या.

रामन आणि बोर्न ह्यांचे संबंध मात्र पूर्वीसारखे राहिले नाहीत. स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयी बोर्न ह्यांनी मांडलेला सिद्धान्त रामन ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात जोरदारपणे नाकारला, आणि दोघांत तीव्र वाद झाला. ह्या वादात शास्त्राचा निर्णय बोर्न ह्यांच्या बाजूने लागला. तथापि बोर्न ह्यांची योग्यता ओळखून त्यांच्यासाठी भर सभेत झगडणारा माणूस रामनच होता, हे विसरता येत नाही.

१९५४ साली संभाव्यतेच्या त्या अर्थनिर्णयाबद्दल बोर्न ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुय्यम ठरविले गेल्याला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. उत्तर आयुष्यात ते जर्मनीला परतले आणि अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले. ५ जानेवारी १९७० रोजी गटिंगेन येथे त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रामनही गेले. गुणाकाराचा क्रम बदलता येत नाही, हे सांगणारे त्यांचे समीकरण त्यांच्या समाधिशिळेवर कोरलेले आहे.

विद्यापीठांच्या सभा आजही भरतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाची पारख तेथे आजही होते. त्या पारखीत त्याच्या विद्येपेक्षा त्याचा देश, त्याची जात किंवा त्याची शिफारस कोणी केली हेच अधिक पाहिले जात असेल, तर हानी पाहुण्याची थोडी होते. त्याला कोठे ना कोठे एडिंबरो सापडते. हानी होते ती त्या संस्थेची, आणि जे विद्यार्थी त्याच्या वर्गात बसू शकले असते त्यांची.