गटात न बसणारी आकृती



शाहूवाडी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर राहून,
पाचवीचा अभ्यास सांभाळून,
कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयात प्रवेश मिळावा या आकांक्षेने
जी मुले निवड चाचणीची तयारी करीत आहेत,
त्यांच्यासाठी हे चार शब्द.

तिथल्या दर चार जागांपैकी किमान तीन ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात.

चाचणीच्या मानसिक क्षमता विभागातील एका प्रश्नप्रकारात चार आकृत्या दिलेल्या असतात.
तीन एका नियमाने बांधलेल्या.
एक त्या नियमाबाहेरची.

मुलांनो, वेगळी आकृती शोधू नका.
आधी तिन्हींतले साम्य शोधा.

बाजू मोजा.
रेषा आणि ठिपके मोजा.
छायांकित भाग पाहा.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर आकृती मनातल्या मनात फिरवा.
माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे.
घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेला बाण
कितीही फिरवला, तरी त्याच दिशेने वळलेला राहतो;
आरशात मात्र त्याची दिशा उलटते.
तीन आकृत्या केवळ फिरवलेल्या असतील
आणि चौथी आरशातली असेल,
तर ती चौथीच आपले उत्तर.

पुन्हा सांगतो, आधी साम्य शोधा.

पालकहो, गुरुजनहो,
उत्तर सांगण्याची घाई कृपया करू नये;
उरलेल्या तीन सारख्या का, एवढेच मुलांना विचारावे.