गळ्यातली माळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि पुढचे सारे शिक्षण चूल, मूल आणि मागाच्या खडखडाटात झाले. त्यामुळे बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्यावे. दरवर्षी या दिवशी कोणीतरी बाहेरच्या विद्वान बाई येऊन बोलतात. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, “आपल्यातलीच एखादी बोलू दे. विषय ‘देवाला दिलेला शब्द’.” मी नको नको म्हणत असताना माझे नाव लिहिलेसुद्धा गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती का लागली नाही, ते शेवटी सांगते.

देवाला शब्द देण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक नवसाची आणि दुसरी माळेची.

नवस आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. मुलगा पास होऊ दे, अकरा नारळ वाहीन. दुखणे बरे होऊ दे, ओटी भरीन. यात वाईट आहे असे मी म्हणत नाही. अडचणीत सापडलेल्या आईला दुसरे काय सुचणार? पण हा बाजारातल्यासारखा व्यवहार आहे. देवाने माल दिला तर आपण पैसे द्यायचे, नाही दिला तर देणे लागत नाही. गाडगेबाबांनी जन्मभर हेच तर सांगितले. देवापुढे कोंबडी-बकरी कापू नका, कर्ज काढून जत्रा करू नका, त्यापेक्षा मुलांना शिकवा, असे ते गावोगाव खराट्याने झाडता झाडता सांगत. त्यांनी पंढरपुरात गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः देवळात जाऊन बसले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. आज ते असते तर आपल्या नवसांच्या याद्या ऐकून त्यांनी खराटा उगारला असता, असे मला वाटते.

माळेची रीत निराळी आहे. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा तो देवाकडे काही मागत नाही, उलट स्वतःलाच बांधून घेतो. ज्ञानेश्वरीवर माळ ठेवून वडीलधाऱ्या वारकऱ्याच्या हातून ती गळ्यात पडते. मग एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वर्षातून पंढरीची वारी करायची, मांस आणि दारू वर्ज्य करायची. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण याच्यापुढे आणखी दोन गोष्टी आहेत. खोटे बोलायचे नाही आणि दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही. या दोन गोष्टी आपण पटकन विसरतो, कारण उपास दिसतो, माळ दिसते, आणि खोटे कोणाला दिसत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांची हकीगत पुष्कळांना ठाऊक असेल. ते ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी होते. सांगतात, की मिळवलेले धन घेऊन गावी परत येताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून कोंडून ठेवले. तेथे ते हरिपाठ म्हणत राहिले. सुटका झाल्यावर घरचा रस्ता न धरता ते आळंदीला गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी माउलींच्या चरणी घातले. आज आपण पाहतो तो ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा सोहळा त्यांनी १८३२ च्या सुमारास सुरू केला. घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांकडून मिळवले, दिंड्यांचा क्रम लावून दिला. त्याच्याही आधी १६८५ मध्ये तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून पालखी काढली होती. मला यात विशेष वाटते ते हे, की सुटका झाल्यावर पाच पन्नास ब्राह्मण जेवायला घालून हैबतबाबा मोकळे झाले नाहीत. आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी त्यांची समाधी आहे. भक्तांच्या पायाशी जागा मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, लहान वयापासून माळकरी. दरसाल गावच्या दिंडीबरोबर पायी जात. मिरजेहून पंढरपूरला पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे, ती त्यांनी येतानाच काय ती वापरली. जाताना कधी नाही. मी लग्न होऊन माधवनगरला आले तेव्हा मला या साऱ्याचे कौतुक नव्हते. पुढे माझा थोरला मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता. मी विठोबाला म्हटले, “पोर उठू दे, माळ घालीन.” पोर उठले. मी आत्याबाईंना म्हणाले, “मला माळ घालायची आहे.” त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं पोरी, नवस फिटतो. माळ फिटत न्हाई. इचार करून घाल.” मला वाटले, म्हाताऱ्या माणसांचे बोलणे. मी माळ घातली आणि नवस फिटला असे समजून मोकळी झाले.

भगिनींनो, २०२० साल आपण कोणी विसरणार नाही. मार्चमध्ये माग बंद पडले. आपल्या पेठेत माग बंद पडला की पोटच बंद पडते. पंढरपूरचे मंदिरसुद्धा बंद झाले. आषाढी १ जुलैला होती. त्या वर्षी पालख्या पायी निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका थोडक्या माणसांबरोबर एस.टी.ने पंढरपूरला नेल्या. आत्याबाईंनी ते दूरदर्शन संचावर पाहिले. मला वाटले, रडतील. त्या उठल्या, तुळशीभोवती फेऱ्या घालू लागल्या आणि म्हणाल्या, “पायाची वारी बंद झाली. तोंडाची आन् हाताची वारी कोण बंद करणार?”

ते वाक्य मला सुरीसारखे लागले. कारण माझ्या हाताची वारी तेव्हा बंद पडली होती.

तेव्हा मंडळाची पेटी माझ्याकडे होती. हळदीकुंकू आणि सहल यांसाठी आपण दरमहा वर्गणी काढतो, ती शिल्लक ६,२०० रुपये होती. जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाली. मुलांच्या वडिलांच्या जुन्या मोबाइलवर काही दिसत नसे. पोरगा शेजारच्या दारात उभा राहून धडे ऐके, आणि एक दिवस त्याला तेथून हाकलले. मी पेटीतले ४,५०० रुपये घेतले आणि जुना मोबाइल विकत आणला. माग सुरू झाले की ठेवून देऊ, असे मनाशी म्हटले. पेटीत १,७०० राहिले. वहीत मात्र मी “शिल्लक ६,२००” असेच लिहिले.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चालले असते. श्रावणात आपल्यातली एक भगिनी माझ्याकडे आली. घरात दुखणे होते, औषधाला २,००० रुपये हवे होते. अडीअडचणीला पेटीतून उसने देण्याची आपली जुनी रीत आहे. मी तिला म्हणाले, “पेटीला हात लावायचा नाही असे ठरले आहे.” बायांनो, असे काहीच ठरले नव्हते. ती मुकाट्याने परत गेली. तिने कानातले गहाण ठेवले, हे मला मागाहून कळले. त्या दिवशी एकादशी होती आणि मला उपास होता.

अनंत चतुर्दशीनंतर शेजारच्या जैन काकू दाराबाहेर लांब उभ्या राहून हात जोडून म्हणाल्या, “उत्तम क्षमा. वर्षभरात बोलण्याचालण्यात काही दुखावले असेल तर माफ करा.” पर्युषणाचे दहा दिवस संपल्यावर त्यांच्यात अशी क्षमा मागतात, हे मी कितीदा पाहिले होते. त्या बाईने माझे काहीच वाईट केले नव्हते आणि ती हात जोडून उभी होती. जिने केले होते ती मी, गळ्यात माळ घालून उंबऱ्याच्या आत. मी घरात गेले आणि आत्याबाईंना सर्व सांगितले.

त्या रागावल्या नाहीत. लुगड्याच्या गाठीतून १,८०० रुपये काढून माझ्यापुढे ठेवले. वारीसाठी वर्षभर साठवलेले ते पैसे होते. उरलेले २,७०० मी मास्क शिवून दिवाळीपर्यंत पेटीत भरले. हिशेब पुरा झाला. मी समाधानाने आत्याबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “पैसं भागलं, बरं झालं. बोललेलं खोटं कधी भागवणार?” मी गप्प बसले. पुढे त्यांनी कधी विचारले नाही. आता त्या नाहीत, पण प्रश्न राहिला आहे.

हल्ली लोक म्हणतात, या नव्या काळात कोणाला देवाधर्माची बांधिलकी राहिली नाही. मला तसे वाटत नाही. देवळांत गर्दी कमी नाही, आणि सकाळी मोबाइल उघडला की देवाच्या चित्रांनी भरलेला असतो. बचत गटाच्या कर्जावर सही केली की आठवड्याचा हप्ता आपण चुकवत नाही, कारण वसुलीला माणूस दारात येतो. देवाचा वसुलीचा माणूस दारात येत नाही, म्हणून तो हप्ता मागे पडत जातो, एवढेच.

आणि देवाला दिलेला शब्द शेवटी माणसाशीच पाळायचा असतो. पुंडलिकाची कथा पाहा. देव दारात आला, पण पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. त्याने वीट फेकली आणि सांगितले, थांब. देव त्या विटेवर अजून उभा आहे. सेवा टाकून पुंडलिक धावत आला असता तर देव कदाचित थांबलाही नसता. याच पंढरपुरात चोखोबांना देवळात जाऊ दिले नाही, त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. तो दरवाजा हरिजन बांधवांना उघडावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, तेव्हा तो उघडला. इतकी शतके आत पूजा करणारे लोक माळा घालून, उपास करूनच पूजा करत होते ना? मग शब्द मोडला कोणी?

शब्द देणारे सर्व धर्मांत आहेत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तेव्हा सभासदांना शपथ घ्यावी लागे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, हेही आहे. मिरजेला वॉन्लेस डॉक्टर सातासमुद्रापलीकडून आले, १८९४ मध्ये त्यांनी तेथे इस्पितळ उघडले आणि १९२८ पर्यंत येथल्या माणसांची दुखणी काढली. त्यांचा देव निराळा, पण शब्द त्यांनी आपल्या माणसांशी पाळला. आपल्या पेठेत सर्व प्रकारची घरे आहेत. कोणी रोजे धरते, कोणी पर्युषण, कोणी एकादशी. दिलेला शब्द पाळला की नाही, हे मात्र शेजाऱ्यालाच आधी कळते.

आता झोप का लागली नाही ते सांगते. मला या विषयावर बोलायला सांगितले आणि माझ्या मनात आले, की वहीतली खोटी नोंद तशीच ठेवून मी देवाला दिलेल्या शब्दावर बोलणार कशी? वार्षिक हिशेब वाचला गेला तेव्हा तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मी घ्यायला नको होत्या.

म्हणून ती वही मी आज अध्यक्षबाईंपुढे ठेवली आहे. त्या महिन्याच्या पानावर लाल शाईने खरा आकडा लिहिला आहे. जिला मी रिकाम्या हाताने परत पाठवले, ती भगिनी येथे बसली आहे. तिचे नाव मी घेणार नाही. काल रात्री मी तिच्या घरी जाऊन आले. तिने मला चहा दिला आणि बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, “मला वाटलं, माझ्यावर तुमचा विश्वास नव्हता.” पैशापेक्षा हे जास्त होते. तिने मला माफ केले की नाही, हे मी तिला विचारलेले नाही.

मंडळाची पेटी पुढे कोणाकडे द्यायची, हे तुम्ही ठरवावे. माझी एक सूचना आहे. पेटीच्या दोन किल्ल्या असाव्यात, दोघींकडे, आणि दर महिन्याला सर्वांसमोर पैसे मोजावेत. माळेवर विसंबू नये, माझ्याही नाही. आणि अडलेल्या बाईला उसने देण्याचा नियम वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावा, म्हणजे तो नाही असे सांगण्याची कोणाची छाती होणार नाही.

नवस फिटतो, माळ फिटत नाही, असे आत्याबाई म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ कळायला मला इतकी वर्षे लागली.