धुळवडीनंतरची नाइट शिफ्ट

आजच्या विषयावर ऑफिसात कोणी उघड बोलत नाही. टपरीवर मात्र सगळे बोलतात, तेही हसत हसत. गांजा किंवा भांग घेऊन कोणी कामावर आलं, तर करायचं काय?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकील नाही. बीटेक करून नागपुरात सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे मी याच्याकडे सिस्टिम म्हणून बघतो. बिघाड कुठे होऊ शकतो, तो दिसतो कसा, आणि दिसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं.

आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं, "टेस्ट करा ना भाऊ!" आयटीवाल्यांना ही टेस्ट माहीत आहे. काही परदेशी क्लायंटच्या प्रोजेक्टवर जाण्याआधी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसोबत लघवीची ड्रग टेस्ट होते. पण ती नेमकं काय मोजते? गांजातला नशा आणणारा पदार्थ म्हणजे टीएचसी. तो चरबीत साठतो. शरीर त्याचं विघटन करतं, आणि त्यातून तयार झालेला, स्वतः नशा न आणणारा पदार्थ लघवीत सापडतो. एखाद्याने क्वचित घेतला तर काही दिवस, रोज घेणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडेसुद्धा. नशा मात्र काही तासांची असते.

म्हणजे ही टेस्ट हा जुना लॉग आहे, लाइव्ह मॉनिटरिंग नाही. पंधरा दिवसांपूर्वी गोव्यात ओढलेला माणूस आज ठणठणीत असूनही पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि जो आत्ता, या क्षणी, प्रॉडक्शन सर्व्हरवर कमांड टाकतोय, त्याचा हात ठिकाणावर आहे का, हे ती सांगतच नाही. रिपोर्ट येईपर्यंत शिफ्ट संपलेली असते.

आता भांगेकडे येऊ, कारण इथे आपली पोरं फसतात. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला किंवा प्यायलेला चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि मग सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. धुळवडीच्या दुपारी थंडाईचा एक ग्लास घेतला, तासाभरात काही झालं नाही, "काही चढलीच नाही बे" म्हणून दुसरा घेतला. संध्याकाळी दोन्ही मिळून चढतात. आणि रात्री नऊला मिहानमध्ये शिफ्ट.

"पण भांग तर लीगल आहे!" अर्धं खरं. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे, येतात. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली भांगेवरही नियंत्रण आहे. आणि टेस्ट किटला कायदा कळत नाही. त्याला पान आणि फूल यातला फरक दिसत नाही, दोन्हीत टीएचसीच.

गंमत म्हणजे हा प्रश्न नवा नाही. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने याच विषयावर मोठा आयोग नेमला होता, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, आणि त्याच प्रांतात खंडव्याकडे गांजाची शेती व्हायची. कष्टकरी माणूस थकवा घालवायला गांजा ओढतो, हे त्या अहवालात नोंदलेलं आहे. थकवा हे कारण आजही गेलेलं नाही, फक्त आता ते तीन रात्री सलग ऑन-कॉल असलेल्या पोराला लागू होतं.

जिथे चूक जिवावर बेतते, तिथे नियम कडक असणारच. विमान क्षेत्रात डीजीसीएने 31 जानेवारी 2022 पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या अचानक चाचण्या लागू केल्या, आणि त्यात गांजाही आहे. ते मला पटतं. पण तोच नियम टेस्टिंग टीमला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. कॅलिफोर्नियाने तर 1 जानेवारी 2024 पासून, काही क्षेत्रं वगळता, शरीरात नुसते असे नशा न आणणारे अवशेष सापडले म्हणून नोकरी नाकारायला किंवा काढायला बंदी घातली. कामावर नशेत यायची परवानगी मात्र तिथेही नाही.

मग करायचं काय? एक प्रसंग सांगतो. धुळवडीच्या रात्री आमच्या ओळखीच्या एका टीममध्ये एक पोरगा शिफ्टला आला. डोळे लाल, एकच प्रश्न तीनदा विचारला. रात्री एक वाजता त्याच्या हातून डेटाबेस मायग्रेशन होणार होतं. ग्रुपवर लगेच पानाचे इमोजी सुरू. लीड मुलगी शांत होती. तिने त्याला बाजूला नेलं, सोबत आणखी एकाला घेतलं. "काय घेतलंस?" असं विचारलंच नाही. विचारलं, "तब्येत कशी आहे? आत्ता हे काम तुला जमेल का?" तो म्हणाला, डोकं जड आहे. तिने मायग्रेशन पुढे ढकललं, त्याचा प्रॉडक्शन ॲक्सेस त्या रात्रीपुरता काढला, आणि काय दिसलं तेवढंच वेळेसकट लिहून ठेवलं. "डोळे लाल, प्रश्न तीनदा." "गांजा प्यायलेला" असं नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, भांग नव्हतीच. दिवसभर भिजल्याने सर्दी झाली, त्याने ॲलर्जीच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या आणि आदल्या रात्री झोप नव्हती. पण बघा, भांग असती तरी तिने हेच केलं असतं. मायग्रेशनला कारणाशी काही देणंघेणं नसतं.

आणखी एक गोष्ट तिने केली, जी बहुतेक जण विसरतात. गाडीची चावी मागून घेतली आणि त्याला कॅबने घरी सोडलं. "घरी जा" म्हणून हाकलून दिलं असतं, तर धोका ऑफिसातून उचलून वर्धा रोडवर नेऊन ठेवला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी आकडा आहे, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम. ड्रग्जसाठी तसा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल तर तो गुन्हा. आणि तोंडाने फुंकायच्या मशीनमध्ये गांजा दिसत नाही, म्हणून "मशीनवर झिरो आलं" याला अर्थ नाही.

छातीत दुखतंय, शुद्ध हरपतेय, खूप घाबरलाय, उलट्या थांबत नाहीत, असं असेल तर एचआर नंतर. आधी 108. आणि तिथे डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगायचं.

ज्याला रोज लागते, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे, मन मोकळं करायला टेलि-मानस 14416. एनडीपीएसमध्ये कलम 64ए आहे. अल्प प्रमाणात सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं. हे एचआरच्या किती लोकांना माहीत असतं, देव जाणे.

कंपनीच्या पॉलिसीत बहुतेक वेळा नुसतं दारूबद्दल लिहिलेलं असतं. तिथे "कोणत्याही कारणाने काम सुरक्षितपणे करता येत नसेल तर" एवढं वाक्य आलं, की गांजा, गोळ्या, जागरण सगळं त्यात बसतं. आणि स्वतःहून सांगणाऱ्याला त्या रात्रीपुरती शिक्षा नको, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही.

त्या टीमने पुढच्या वर्षी धुळवडीची ऑन-कॉल यादी आठवडाभर आधी लावली. नाव बदलून घ्यायचं असेल तर घ्या, कारण द्यायची गरज नाही. तिघांनी बदलून घेतलं. कोणी काही विचारलं नाही.