काणे, मयूख आणि बहिणीचा वाटा



सूक्ष्म मात्रेवर जगणाऱ्या होमिओपॅथने साडेसहा हजार पानांच्या ग्रंथावर बोलावे, यातला विनोद मला कळतो. ग्रंथ महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा, धर्मशास्त्राचा इतिहास, इंग्रजीतला.

तो जन्मला एका प्रस्तावनेपायी. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करता करता काण्यांनी नीलकंठभट्टाचा 'व्यवहारमयूख' संपादित केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने तो १९२६ साली छापला. त्याला जोडायचा धर्मशास्त्राचा धावता इतिहास मात्र हाताबाहेर गेला. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा १९६२ साली पुरा झाला. काणे तेव्हा ८२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळाले. बाकी सन्मान आपणांस ठाऊक आहेत.

आपण बडोदेकरांनी मयूखापाशी जरा थांबावे. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे. पणजोबा रामेश्वरभट्ट काशीला गेले आणि घर तिथेच रुजले, आपली रुजली तशी. या घराण्यातला सतराव्या शतकातला ग्रंथ इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मिताक्षरेहूनही वरचढ मानला. त्यात जवळचे वारस संपले की आजीनंतर लगेच बहीण येते. नीलकंठाचे कारण साधे आहे: तीही भावाच्याच गोत्रात जन्मली. गंमत अशी, की खुद्द काशीकडे बहिणीला १९२९ च्या कायद्यापर्यंत वारसांत जागा नव्हती.

आम्ही जैन. वेगळी रूढी सिद्ध केली नाही, तर न्यायालये आम्हांलाही हिंदू कायदाच लावीत. पण घरात कायदा कोण वाचतो? १९५६ चा वारसा कायदा होऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर माझ्या आत्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले गेले. "शास्त्रात मुलीला, बहिणीला काही नसतेच," असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. तिने मानले. मीही मानले. मी तर तेव्हा डॉक्टर झालो होतो.

फार उशिरा काण्यांचा तिसरा खंड हाती आला. त्यात दायभाग आहे. काणे आपले मत स्पष्ट देतात, पण मूळ संस्कृत वचने तळटीपेत जशीच्या तशी ठेवतात. रोग्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, ही आमच्या केसपेपरची शिस्त. म्हणून मला ही रीत फार भावली. बहिणीचे वचन मी तिथे बोट ठेवून वाचले.

आत्या तेव्हा हयात नव्हती. ते हक्कसोडपत्र अजून आमच्या कपाटात आहे. त्यावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.