तोंडी परीक्षा : आम्नाय आणि पृच्छना



या सुवर्णमहोत्सवात शिक्षणाविषयी बोलावे, अशी आयोजकांची आज्ञा आहे. मी बोलणार आहे दहावीच्या तोंडी परीक्षेविषयी. म्हणजे जिला फारसे कोणी परीक्षा मानीत नाही, तिच्याविषयी.

भाषा विषयांचे २० तोंडी गुण शाळेनेच द्यावयाचे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते प्रसादासारखे वाटले गेले. २०१९ च्या परीक्षेत राज्य मंडळाने ते काढून घेतले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सारा दोष एकाच कारणास देता येणार नाही. ओरड झाली आणि २०२० पासून गुण परत आले. परंतु मुलांना बोलता येते काय, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही.

वास्तविक खरी तोंडी परीक्षा आपल्या परंपरेस ठाऊक आहे. धवला टीकेतील कथा आपण जाणता. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांकडे दोन मुनी आले. पुढे ते पुष्पदंत व भूतबली या नावांनी ख्यात झाले. श्रुत सोपविण्यापूर्वी आचार्यांनी दोघांस एकेक मंत्र दिला. एकात अक्षर अधिक, दुसऱ्यात न्यून. साधनेअंती देवता प्रकटल्या त्या सव्यंग : एकीचे दात पुढे, दुसरी एकाक्ष. देवतेचे रूप असे नसते, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. अक्षरे शुद्ध करून पुन्हा साधना केली आणि घडलेले सर्व गुरूंना निवेदन केले. मगच अध्यापन आरंभले, त्यातूनच षट्खंडागम सिद्ध झाला. दिलेले तसेच घोकणारा शिष्य या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला असता!

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश असे पाच प्रकार आहेत. आपल्या पाठशाळांत बहुधा आम्नायाचीच, म्हणजे शुद्ध पठणाची, परीक्षा होते. भक्तामर अस्खलित म्हणणाऱ्या मुलास बक्षीस मिळते. एखाद्या श्लोकाचा अर्थ विचारला की तो आईकडे पाहू लागतो.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. साठ मुलांना प्रत्येकी दहा मिनिटे म्हटली तरी एकाच विषयाला दहा तास लागतात. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत. ट्रस्टने त्यांना पाठशाळेच्या वार्षिक परीक्षेस बोलवावे. पाच मिनिटे पठण, तीन मिनिटे अर्थ आणि शेवटची दोन मिनिटे विद्यार्थ्याने परीक्षकास प्रश्न विचारावा. गुण त्या प्रश्नालाही असावेत. बुजऱ्या मुलांची परीक्षा मात्र व्यासपीठावर नको, बाजूच्या खोलीत व्हावी. यंदाच्या पर्युषणानंतर आरंभ करता येईल. पहिल्या वर्षी परीक्षक म्हणून बसण्यास मी तयार आहे.