खोडदने ऐकलेला मंगळ



आमच्या कराडला प्रीतिसंगमावर पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली, की हात आपोआप कानामागे जातो. विखुरलेला आवाज तेवढाच कानात गोळा होतो. अवकाशयानांचे संदेश ऐकणाऱ्या प्रचंड तबकड्या नेमके हेच करतात.

यान दुप्पट दूर गेले, की इथे पोहोचणाऱ्या संदेशाची ताकद चौथा हिस्साच उरते. यानावर वजन आणि वीज दोन्ही मोजकी. तिथला आवाज फारसा वाढवता येत नाही. मग पृथ्वीवरचा कानच मोठा करायचा! अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या वाळवंटात २६ मीटर व्यासाची तबकडी उभारली. तिची घडण रेडिओ दुर्बिणीवरून घेतलेली होती. १९५९ मध्ये 'पायोनियर-४' चा माग तिने चंद्राच्याही पलीकडे, सुमारे साडेसहा लाख किलोमीटरपर्यंत ठेवला. १९६६ मध्ये तिथेच ६४ मीटरची तबकडी आली. 'व्हॉयेजर-२' १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून जाणार होते, त्याआधी तिचा व्यास ७० मीटर करण्यात आला.

दुर्बिणीने यानाच्या मदतीला धावून जाण्याची ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला, ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांनी सूर्याचे रेडिओ निरीक्षण सुरू केले. पुढे त्यांच्याच कल्पनेतून जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन घटते आणि खर्चही.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'शियापरेली' यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संदेश मंगळाजवळच्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हे. तरीही सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने तो टिपला. उतरण्याच्या जरा आधी तो एकाएकी थांबला. यान कोसळले होते.

मला वाटते, त्या दिवशी खोडदचे काम फसले नाही. आवाज कुठपर्यंत होता आणि कधी बंद पडला, हेही कुणीतरी ऐकावे लागते. आणि त्यासाठी भोवताली शांतता लागते. डोंगरांच्या आडोशाची, रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा म्हणून तर खोडद निवडले गेले. तिथे गेलात, तर मोबाइल बंद ठेवा. मोठ्या कानाला आपण एवढी साथ तरी देऊ शकतो.